काँग्रेसच्या मांडवातले गाणे

१८८५ च्या डिसेंबरात मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. ते व्हायचे होते पुण्यात. पण तिथे पटकीची साथ आली आणि ऐन वेळी बेत मुंबईला हलवावा लागला. ७२ प्रतिनिधी, अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी, नऊ ठराव. समारोपाला काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या ह्यूमसाहेबांच्या सांगण्यावरून महाराणीच्या नावाचा जयजयकार झाला आणि मंडळी आपापल्या प्रांतात परतली. कराचीपासून मद्रासपर्यंतची ही माणसे एका छताखाली प्रथमच बसली होती, पण सगळ्यांनी मिळून म्हणावे असे एकही गाणे त्यांच्यापाशी नव्हते.

काँग्रेसच्या इतिहासात अध्यक्षांची भाषणे आहेत, ठरावांचे मसुदे आहेत, कोण कोणावर रागावून मांडवातून उठून गेले याच्याही नोंदी आहेत. गायले कोण, कोणत्या रागात, मागे किती गळे होते, हे मात्र ओळी-दोन ओळींत आटोपते. मी गाण्याचा वेडा. त्यामुळे हा इतिहास मी आधी गाणे आणि मग ठराव अशा क्रमाने वाचत आलो आहे. तसा वाचला की एक गोष्ट लख्ख दिसते. आपले रागसंगीत एकट्याच्या गळ्याचे. बैठकीत गवई गातो आणि बाकीचे ऐकतात. भजन, कीर्तन, पोवाड्याची झील यांत समूह असतो, पण तो एका भाषेचा आणि एका पंथाचा. वेगवेगळ्या भाषांच्या हजारो माणसांनी एका सुरात काय म्हणायचे आणि कसे म्हणायचे, हा प्रश्न या देशापुढे प्रथम उभा राहिला तो अधिवेशनांच्या मांडवात. त्याचे उत्तर शोधायला १९५० साल उजाडावे लागले, आणि त्या शोधात महाराष्ट्रातल्या गवयांचा वाटा फार मोठा आहे.

एका गळ्याचे गाणे

सुरुवात कलकत्त्याने केली. १८८६ च्या दुसऱ्या अधिवेशनासाठी पंचविशीतल्या रवींद्रनाथ ठाकुरांनी एक गीत रचले आणि स्वतः गायले. चाल बंगालच्या घराघरांत ठाऊक असलेल्या रामप्रसादी भक्तिगीतांच्या वळणाची होती. सभेला गाण्यात ओढायचे तर चाल लोकांच्या कानांवरून आधीच गेलेली हवी, हे त्या तरुण कवीने ओळखले होते.

दहा वर्षांनी, १८९६ साली, अधिवेशन पुन्हा कलकत्त्यात बिडन स्क्वेअरमध्ये भरले आणि रवींद्रनाथांनी ‘वंदे मातरम्’ गायले. काँग्रेसच्या व्यासपीठावर ते गीत तेव्हा पहिल्यांदा उमटले. ते रचणारे बंकिमचंद्र दोन वर्षांपूर्वीच वारले होते. ‘आनंदमठ’ कादंबरीत या गीतावर मल्हार राग आणि कव्वाली ताल अशी नोंद होती. रवींद्रनाथांनी ते देस रागात बांधले. देस हा मल्हाराच्या सोबतीने पावसाळ्यात गायला जाणारा राग. चढताना गंधार-धैवत वगळणारा, उतरताना कोमल निषादावर हळवा होणारा. पाण्याने आणि पिकाने भरलेल्या भूमीचे वर्णन करणाऱ्या शब्दांना त्याहून जवळचा राग सापडणे अवघड. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कलकत्त्याच्या एच. बोस यांनी रवींद्रनाथांच्या आवाजात हे गीत ध्वनिमुद्रित केले आणि ते आजही ऐकता येते. खरखरीतून येणारा तो उंच, पातळ आवाज ऐकला की १८९६ च्या मांडवात काय घडले असेल याचा अंदाज येतो. तिथे एक माणूस गात होता आणि सभा ऐकत होती. त्या चालीतल्या लांब मिंडी आणि शब्दाच्या शेवटी रेंगाळणारे स्वर एकट्या गळ्यालाच शोभणारे आहेत.

त्या अधिवेशनाचे अध्यक्ष मुंबईचे रहिमतुल्ला सयानी होते. ‘वंदे मातरम्’ काँग्रेसमध्ये पहिल्यांदा गायले गेले तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीवर एक मुसलमान नेता बसला होता. पुढची हकिगत समजून घ्यायला ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

रवींद्रनाथांनी चाल दिली ती पहिल्या दोन कडव्यांना. उरलेल्या भागाला सूर लावण्याचे काम त्यांनी आपली भाची सरलादेवी घोषाल यांच्यावर सोपवले. वडील जानकीनाथ काँग्रेसचे कार्यकर्ते आणि आजोळ ठाकुरांचे, त्यामुळे राजकारण आणि गाणे ही दोन्ही सरलादेवींच्या घरातलीच होती. १९०१ च्या कलकत्ता अधिवेशनात त्यांनी रचलेले हिंदुस्थानचे गीत एका मोठ्या वृंदाने गायले. त्या गीतात बंगालपासून पंजाबपर्यंतच्या प्रांतांची नावे ओवलेली होती आणि त्यांत मराठी मुलुखही होता. प्रत्येक प्रांताच्या प्रतिनिधीला आपले नाव ऐकू येईल अशी ती योजना होती. माझ्या मते एका गळ्याकडून अनेक गळ्यांकडे जाण्याचे पहिले मोठे पाऊल इथे पडले.

१९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि गाण्याचा भाव एकदम पालटला. त्या वर्षीचे अधिवेशन बनारसला होते आणि अध्यक्ष होते गोपाळ कृष्ण गोखले. तिथे सरलादेवींनी ‘वंदे मातरम्’ गायले आणि मूळ गीतातला सात कोटींचा आकडा बदलून तीस कोटी केला. सात कोटी ही बंगालची गणती होती, तीस कोटी साऱ्या हिंदुस्थानची. बंगालचे गाणे देशाचे झाले ते या एका बदलाने, आणि तो बदल कोणत्याही ठरावाने नव्हे, एका गाणाऱ्या बाईने भर सभेत केला.

पुढच्या एप्रिलात बारिसालला बंगालची प्रांतिक परिषद भरली. ‘वंदे मातरम्’चा घोष करायला तिथे बंदी होती. प्रतिनिधींनी तो केला आणि पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. सुरेंद्रनाथ बॅनर्जींना पकडून दंड ठोठावण्यात आला. त्या परिषदेचे नियोजित अध्यक्ष होते बॅरिस्टर अब्दुल रसूल.

वृंदाचे गाणे

१९११ चे अधिवेशन पुन्हा कलकत्त्यात. दोन आठवड्यांपूर्वी दिल्ली दरबारात पंचम जॉर्जने बंगालची फाळणी रद्द केल्याचे जाहीर केले होते, त्यामुळे २७ डिसेंबरच्या कार्यक्रमात राजाच्या स्वागताचा ठराव होता. त्या दिवसाची सुरुवात रवींद्रनाथांच्या ‘जनगणमन’ने झाली. ठरावानंतर रामभुज दत्त चौधरी यांचे बादशहाच्या गौरवाचे एक हिंदी गीत म्हटले गेले. हे चौधरी म्हणजे सरलादेवींचे पती. इंग्रजी वर्तमानपत्रांच्या बातमीदारांनी या दोन गीतांची सरमिसळ केली आणि रवींद्रनाथांनी राजासाठी गाणे लिहिले असे छापून टाकले. एका चुकीच्या बातमीने उठवलेली ही आवई शंभर वर्षे उलटली तरी मिटत नाही. रवींद्रनाथांनी स्वतः १९३७ साली पत्र लिहून ती खोडून काढली होती. ब्राह्मो समाजाच्या माघोत्सवात हेच गीत ईश्वराच्या स्तवनासाठी म्हटले गेले, हेही विसरू नये.

गाण्याच्या दृष्टीने १९११ ची महत्त्वाची बाब निराळीच आहे. ‘जनगणमन’ जन्मापासून वृंदाचे गाणे आहे. त्याची चाल गुणगुणून पाहावी. बहुतेक ठिकाणी एका अक्षराला एक स्वर. मिंड जवळजवळ नाही, तान नाही. स्वरांचा सारा पसारा साधारण एका सप्तकात मावतो, म्हणजे जाड आवाजाचा पुरुष, बारीक आवाजाची बाई आणि शाळेतले पोर तिघांनाही तो पेलतो. लय चालणाऱ्याच्या पावलांची. १८९६ च्या देसमध्ये गायक सभेसाठी गात होता. १९११ च्या या चालीत सभेने स्वतः गावे अशी सोय रवींद्रनाथांनी करून ठेवली.

तिची पारख १९१९ च्या फेब्रुवारीत आंध्रातल्या मदनपल्लीला झाली. तिथल्या थिऑसॉफिकल कॉलेजात रवींद्रनाथ पाहुणे म्हणून उतरले होते. त्यांनी हे गीत म्हटले आणि बंगाली न कळणाऱ्या विद्यार्थ्यांनी शेवटचा जयघोष लगेच उचलला. प्राचार्यांच्या पत्नी मार्गारेट कझिन्स यांना पाश्चात्त्य संगीत चांगले अवगत होते. रवींद्रनाथांच्या संमतीने त्यांनी चालीची स्वरलिपी करून ठेवली. चाल कागदावर उतरली की ती गायकाच्या आयुष्यापुरती राहत नाही. महाराष्ट्रातला एक गवई हेच काम वीस वर्षे आधीपासून करत होता.

कुरुंदवाडचा गवई

विष्णू दिगंबर पलुस्कर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, शाळा सुटली आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाण्याची तालीम सुरू झाली. १८९६ साली, म्हणजे रवींद्रनाथ बिडन स्क्वेअरमध्ये गायले त्याच वर्षी, पलुस्करांनी गुरूचे घर सोडले आणि ते हिंदुस्थान पाहायला निघाले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. राजाश्रयावर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि विद्यार्थ्यांच्या फीवर चालणारे ते गाण्याचे विद्यालय होते. १९०८ मध्ये ते मुंबईला आले.

पलुस्करांनी गाणे वर्गात आणले. एका गुरूसमोर तीस-चाळीस मुले बसणार, तर सगळ्यांचा षड्ज एक हवा, ताल एक हवा आणि चीज लिहिलेली हवी. त्यासाठी त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली, ‘संगीत बालप्रकाश’सारखी क्रमिक पुस्तके काढली, छापखाना घातला. अस्सल ग्वाल्हेर घराण्याच्या या गवयाने मुलांना एकसाथ गायला लावले, तेव्हा अनेक उस्तादांना आणि बुवांना ते रुचले नाही. पण सभेच्या गाण्याला नेमकी हीच शिस्त हवी होती. ती अंगी बाणलेले शिष्य देशभर पांगले, आणि १९१५ च्या सुमारापासून पुढे अनेक वर्षे काँग्रेसच्या अधिवेशनाची सुरुवात पलुस्करांच्या ‘वंदे मातरम्’ने होत राहिली.

पलुस्करांनी ते काफीत बांधले. माझ्या मते ही निवड फार विचाराची होती. देसचे सौंदर्य नाजूक आहे, आणि आरोह-अवरोहातले त्याचे नियम न शिकलेल्या गळ्याला चटकन साधत नाहीत. काफी सातही स्वरांचा, सरळ. होरीत, भजनात, पंजाबच्या आणि सिंधच्या लोकगाण्यांत त्याचे स्वर खेळलेले. लाहोरच्या माणसाला तो परका नाही आणि मिरजेच्याही नाही. शिवाय त्या काळच्या मांडवात ध्वनिक्षेपक नव्हते. हजारो माणसांच्या सभेत शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचायचा तर आवाज छातीतून यावा लागे. पलुस्करांचा आवाज तसा होता, आणि कीर्तनकाराच्या घरात वाढल्यामुळे सभा कशी बांधून ठेवायची हे त्यांना शिकवावे लागले नव्हते. वारकऱ्यांची दिंडी आणि टिळकांच्या गणेशोत्सवातले मेळे ज्या मुलखात चालत आले, तिथल्या माणसाला समूहाच्या गाण्याचे बळ माहीत असणारच.

१९२३ चे अधिवेशन काकीनाड्याला भरले. अध्यक्ष मौलाना महंमद अली. पलुस्कर ‘वंदे मातरम्’ला उभे राहिले तेव्हा, संगीत आपल्या धर्माला मान्य नाही, या कारणावरून मौलानांनी हरकत घेतली. पलुस्करांच्या शिष्यपरंपरेत हा प्रसंग असा सांगतात: ही राष्ट्राची सभा आहे, कोणत्याही एका पंथाचे प्रार्थनास्थळ नव्हे, असे उत्तर देऊन पलुस्करांनी गाणे सुरू केले आणि अखेरपर्यंत म्हटले. त्या गवयाच्या निर्भयपणाबद्दल मला अपार आदर आहे. मात्र हा प्रसंग आज ज्या त्वेषाने वापरला जातो, त्यात अर्धाच इतिहास सांगितला जातो. १८९६ मध्ये सयानी अध्यक्ष होते आणि गाणे झाले. १९०६ मध्ये रसूल ज्या परिषदेचे अध्यक्ष व्हायचे होते तिथे याच शब्दांसाठी लोकांनी मार खाल्ला. १९२३ मध्ये महंमद अलींनी हरकत घेतली. या काळात गीताचा एक शब्दही बदलला नव्हता. बिनसले होते ते दोन समाजांतले नाते, आणि त्या बिघाडाचा पहिला आघात गाण्यावर झाला.

त्याच काकीनाड्यात डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकरांनी हिंदुस्थानी सेवादल उभे केले. शिस्तीत उभे राहणे, झेंड्याला वंदन करणे आणि एका आवाजात गीत म्हणणे हा दलाच्या कवायतीचा भाग झाला. पुढच्या वर्षी कानपूरच्या श्यामलाल गुप्त ‘पार्षद’ यांनी झेंडागीत लिहिले. साधी हिंदी आणि पाऊल टाकता येईल असा ताल, यांमुळे ते खेड्यापाड्यांतल्या प्रभातफेऱ्यांत पोचले. पलुस्करांचे गीत व्यासपीठावरून येत होते, झेंडागीत झेंड्याभोवती उभ्या असलेल्या गर्दीतून.

बेळगाव ते हरिपुरा

१९२४ चे अधिवेशन बेळगावला झाले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणाऱ्या या गावात हुइलगोळ नारायणराव यांचे कन्नड नाडाच्या उदयाचे गीत गायले गेले आणि पुढे ते कर्नाटकाच्या एकीकरणाच्या चळवळीचे गाणे झाले. स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींमध्ये धारवाडची अकरा वर्षांची गंगूबाई होती. हीच पुढे किराणा घराण्याची थोर गायिका गंगूबाई हनगल. आपण खालच्या मानलेल्या जातीतल्या, तेव्हा जेवणावळीच्या वेळी आपल्याला वेगळे वागवतील की काय, याची धास्ती आपल्या मनात होती, असे त्यांनी उतारवयात सांगितले आहे. ज्या मांडवात गांधीजी अध्यक्ष होते तिथेही एका लहान गायिकेला ही भीती वाटावी! सगळ्यांनी एका सुरात गाणे किती कठीण होते, हे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगू शकणार नाही. सूर जुळणे सोपे. एका पंगतीत बसणे त्याहून अवघड.

गांधीजींना समूहाच्या गाण्याची ताकद उमगली होती. साबरमतीच्या आश्रमासाठी त्यांनी पलुस्करांकडे गवई मागितला आणि पलुस्करांनी आपले शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना पाठवले. पंडित खरे १९१८ च्या सुमारास आश्रमात आले ते कायमचे. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना त्यांनी बांधल्या. अनेक भाषांतली आणि धर्मांतली पदे एकत्र करून ‘आश्रम भजनावली’ सिद्ध केली, प्रत्येक पदाला राग-ताल दिला. १२ मार्च १९३० रोजी दांडीला निघालेल्या निवडक सत्याग्रहींमध्ये ते होते. पलुस्करांनी लोकप्रिय केलेली ‘रघुपति राघव’ची धून खऱ्यांच्या गळ्यातून त्या वाटेवरच्या गावागावांत गेली. काँग्रेसच्या मांडवातले गाणे आता रस्त्यावर चालू लागले होते.

१९३१ च्या ऑगस्टात पलुस्कर मिरजेला वारले. त्याआधीच कर्जापायी मुंबईच्या महाविद्यालयाची इमारत हातची गेली होती आणि त्यांनी नाशिकला रामनामाचा आधार घेतला होता. संस्था बुडाली तरी शिष्य उरले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही नावे पुरेशी बोलकी आहेत.

१९३६ मध्ये खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन झाले आणि दोन वर्षांनी गुजरातेतल्या हरिपुऱ्याला सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली दुसरे. हरिपुऱ्याच्या संगीताची तयारी करायला पंडित खरे तिथे गेले होते. अधिवेशन भरण्यापूर्वीच, फेब्रुवारी १९३८ च्या पहिल्या आठवड्यात, न्यूमोनियाने त्यांचे तिथेच निधन झाले. अधिवेशनाच्या गाण्यासाठी आयुष्य वेचलेला माणूस अधिवेशनाच्या भूमीवरच गेला. काँग्रेसच्या इतिहासाने हरिपुऱ्याचे अध्यक्षीय भाषण जपले, नंदलाल बोसांनी त्या अधिवेशनासाठी काढलेली चित्रेही जपली. खऱ्यांना मात्र फारशी जागा दिली नाही.

दोन कडव्यांचा निर्णय

१९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली, विधिमंडळांत ‘वंदे मातरम्’ म्हटले जाऊ लागले आणि मुस्लिम लीगने त्याविरुद्ध मोहीम उघडली. नेहरूंनी ‘आनंदमठ’ वाचून काढली आणि रवींद्रनाथांचे मत मागवले. रवींद्रनाथांनी कळवले, की पहिल्या दोन कडव्यांत मातृभूमीच्या रूपाबद्दलची कोमल भावना आहे आणि ती कादंबरीपासून वेगळी काढता येते; संपूर्ण गीत मात्र कथेच्या संदर्भासह वाचले तर मुसलमानांच्या मनाला लागू शकते. ऑक्टोबरअखेर कलकत्त्याच्या कार्यकारिणीने ठरवले, की राष्ट्रीय सभांत ही दोनच कडवी म्हणावीत आणि संयोजकांना दुसरे निर्दोष गीतही निवडायची मोकळीक असावी.

या निर्णयावर अजून वाद चालतो. राजकारणाचे लोक तो आपापल्या परीने सोडवतील. गाणे ऐकणाऱ्याला मात्र एक दुवा दिसतो. रवींद्रनाथांनी पूर्वीच सूर दिला होता तो याच दोन कडव्यांना. कार्यकारिणीने १९३७ मध्ये जिथे रेघ मारली, तिथेच रवींद्रनाथांची चाल चाळीस वर्षांपूर्वी थांबली होती. त्यांनी नेहरूंना दिलेला सल्ला एका राजकीय घडीसाठी शोधलेला तोडगा नव्हता; त्या गीताचा गाभा कुठे आहे याबद्दलची एका संगीतकाराची जुनी धारणा त्यामागे होती.

तोवर ‘वंदे मातरम्’च्या चालींना बहर आला होता. विष्णुपंत पागनिसांनी ते सारंगात गायले. सुभाषबाबूंच्या सांगण्यावरून तिमिर बरन यांनी संचलनाच्या लयीत दुर्गा रागात बांधले. एकाच गीतावर इतक्या संगीतकारांनी इतकी वर्षे आपली प्रतिभा खर्च करावी, असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. पण हेच वैभव त्या गीताची अडचणही ठरले. प्रत्येक प्रांताची चाल निराळी, त्यामुळे सगळे मिळून गायचे तर कोणती, हा प्रश्न सुटत नव्हता.

तो सोडवायला पुण्याचे मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर पुढे आले. भास्करबुवा बखल्यांचे हे शिष्य; नाटकात, बैठकीत आणि ‘प्रभात’च्या चित्रपटांत नाव कमावलेले. परक्या राजवटीत मुंबईच्या नभोवाणीवर ‘वंदे मातरम्’ म्हणू दिले नाही म्हणून त्यांनी तिथे गाणेच सोडून दिले होते. त्यांनी झिंझोटीत चाल बांधली. स्वरांचा पल्ला आटोपशीर, मुलांना म्हणता येईल अशी लय, आणि बँडवर वाजवता येईल अशी रचना. स्वातंत्र्य दारात आले होते आणि राष्ट्रगीत ठरायचे होते. मास्तर दिल्लीला गेले, नेहरूंना आणि घटना समितीच्या सदस्यांना त्यांनी ती चाल गाऊन दाखवली, बँडवर वाजवून दाखवली. पदरचे पैसे आणि आयुष्यातली उमेदीची वर्षे त्यांनी यासाठी घातली.

१४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री घटना समितीच्या बैठकीचा आरंभ सुचेता कृपलानी यांच्या ‘वंदे मातरम्’ने झाला आणि शेवट त्यांनीच म्हटलेल्या ‘सारे जहाँ से अच्छा’ आणि ‘जनगणमन’ यांनी. उजाडताच पलुस्करांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर यांचे ‘वंदे मातरम्’ आकाशवाणीवरून देशभर ऐकू आले.

२५ ऑगस्ट १९४८ ला नेहरूंनी घटना समितीसमोर आपली बाजू मांडली. १९४७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारताच्या शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली, त्यांच्याजवळ ‘जनगणमन’ची ध्वनिमुद्रिका होती, तिथल्या वाद्यवृंदाने ते वाजवले आणि ते फार आवडले. ‘वंदे मातरम्’चा इतिहास थोर असला तरी ते वाद्यवृंदावर तितके खुलत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. प्रांतांच्या गव्हर्नरांचे मत घेतले तेव्हा एक सोडून सर्वांनी ‘जनगणमन’ला पसंती दिली, तो एक अपवाद मध्य प्रांताचा होता.

२४ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसादांनी निवेदन केले: ‘जनगणमन’ हे राष्ट्रगीत, आणि स्वातंत्र्यलढ्यातली कामगिरी पाहता ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान. त्यावर मतदान झाले नाही. सदस्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याच दिवशी सभागृहात दोन्ही गीते म्हटली गेली.

या निर्णयाबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे आणि माझे मत मी मोकळेपणाने सांगतो. वाद्यवृंदाची कसोटी ही पाश्चात्त्यांची कसोटी होती, आणि केवळ तिच्यावर ‘वंदे मातरम्’ला मागे ठेवणे अन्यायाचे झाले असते. मास्तर कृष्णरावांनी त्या कसोटीलाही उतरून दाखवले, हे त्यांचे श्रेय निःसंशय मोठे. तरीही निवड योग्यच झाली. कोट्यवधी न शिकलेल्या गळ्यांनी एकत्र गायचे ही खरी कसोटी होती, आणि तिला ‘जनगणमन’ची चाल जन्मतःच उतरते. ‘वंदे मातरम्’ गायकाला आव्हान देते आणि ऐकणाऱ्याला हलवून सोडते. म्हणूनच नवनवे संगीतकार त्याच्याकडे वळत राहिले. दोन गीतांचे स्वभाव दोन, त्यांची कामे दोन. त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करणाऱ्यांनी दोन्ही गीते नीट ऐकलेली नाहीत, असे मला वाटते.

शाळेत आपण दोन्ही गीते पाठ करतो आणि कवींची नावेही शिकतो. ती गायला शिकवणाऱ्यांची नावे मात्र कोणी सांगत नाही. महाराष्ट्रात अजून कितीतरी घरांत गांधर्व महाविद्यालयाची जुनी क्रमिक पुस्तके, प्रभातफेऱ्यांच्या आणि मेळ्यांच्या पदांच्या वह्या, हाताने लिहिलेल्या स्वरलिप्या पडून आहेत. तुमच्या घरी असे काही असेल तर ते रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथालयाला किंवा संगीत विद्यालयाला दाखवा, त्याची प्रत करून घ्या, चाल आठवणारे कोणी वडीलधारे असतील तर त्यांचा आवाज टिपून ठेवा. काँग्रेसच्या अधिवेशनांचा इतिहास पुन्हा लिहिला जाईल तेव्हा अध्यक्षांच्या यादीशेजारी सरलादेवी, विष्णू दिगंबर, पंडित खरे आणि मास्तर कृष्णराव यांची नावे आलीच पाहिजेत, कारण हा देश एका सुरात गायला शिकला तो त्यांच्यामुळे.